तिसऱ्या वेळी बाबा काय बोलले

कास्तेलमोरा, ५ ऑक्टोबर १९५९

चि. सीलिया हिला अनेक आशीर्वाद.

तुमची सिनेमाची वरात गेली एकदाची! चौक मोकळा झाला, कोंबड्या पुन्हा हिंडायला लागल्या. पाद्रीबुवांना तीन रविवार घंटा वाजवू दिली नव्हती ना, त्यांनी आज ती इतकी बडवली की माझा वस्तरा दचकला आणि खुर्चीतल्या गिऱ्हाइकाचा कान थोडक्यात वाचला.

तू रोमला त्या अंधाऱ्या खोलीत बसून सिनेमे कापतेस-जोडतेस, म्हणून तुझ्या वशिल्यानं मला काम मिळालं असं इथं सगळे म्हणतात. मी म्हणतो, माझ्या नाकामुळं मिळालं. गोष्ट तुला माहीतच आहे. म्हातारा न्हावी रोज बायकोच्या थडग्यापाशी जाऊन 'दुसरं लग्न करू का गं?' म्हणून विचारतो, ती काही बोलत नाही, आणि तिचं गप्प बसणं म्हणजेच होकार असं तो समजतो. पण एक गोष्ट मला कुणी आधी सांगितली नव्हती. बोलायचं काहीच नव्हतं! "नाझ्झारेनोकाका, तुम्ही नुसते आकडे म्हणा. तोंड हललं की झालं. खरं बोलणं मागाहून रोमचा नट भरेल." म्हणजे तोंड माझं आणि जीभ दुसऱ्याची. मी म्हटलं, मग नाकही त्याचंच लावा की.

आपल्याच दफनभूमीत त्यांनी पुठ्ठ्याचं एक थडगं उभं केलं होतं, तुझ्या आईच्या थडग्याच्या दोन रांगा अलीकडं. पहिल्यांदा आकडे म्हणताना एकतीसवर मला हसू फुटलं. दुसऱ्यांदा नाकावर माशी बसली. तिसऱ्यांदा मात्र तुमचे दिग्दर्शक व्हान्नेत्तीसाहेब धावत आले आणि सगळ्यांदेखत माझा पापा घेतला. "असा चेहरा मला वीस वर्षांत मिळाला नाही!" म्हणाले. मी म्हटलं, साहेब, एकशे चाळीसपर्यंत गेलो होतो, दमलोय, दुसरं काही नाही.

आता दुकानात मला कुणी नावानं हाक मारत नाही. 'काय सत्तेचाळीस, दाढी करता का?' 'अहो ब्याण्णव, जरा पाणी गरम ठेवा.' मेल्यांना उद्योग नाहीत.

तब्येतीचं विचारलंस. ठणठणीत आहे. कुणी तुला मी वाळलो असं सांगितलं असेल तर सिनेमावाल्यांनी महिनाभर उन्हात उभं केलं होतं हे लक्षात घे. मसुराचं सूप सोडलंय, तुझी आई गेल्यापासून गावात ते कुणाला करताच येत नाही.

तुझा,
बाबा


रोम, १२ ऑक्टोबर १९५९
(हे पत्र पाठवलं नाही.)

बाबा,

मी ऐकलं.

तो अद्रियानो कानाला डबे लावून पेटीपाशी बसायचा, तो काय झोपा काढत होता असं वाटलं तुम्हाला? आवाज घेतात, बाबा. तो सिनेमात वापरत नाहीत. त्यात वारा असतो, कोंबड्या असतात, साहेबांच्या शिव्या असतात. पण मागाहून बोलणाऱ्या नटाला कुठं तोंड उघडलं, कुठं मिटलं ते कळायला हवं, एवढ्यापुरता घेतात आणि मग फेकून देतात. फेकण्याआधी ती आवाजाची पट्टी माझ्या टेबलावर येते.

पहिल्यांदा आकडे. दुसऱ्यांदा आकडे आणि माशीला शिवी. तिसऱ्यांदाही एकोणीसपर्यंत आकडेच होते. मग तुम्ही त्या पुठ्ठ्याच्या पलीकडं, आईकडं बघितलंत आणि म्हणालात, "आर्जिया, ऐकतेस का? ब्रुस्कोली डॉक्टर म्हणतो पोटात गाठ आहे. ऑलिव्ह उतरायच्या आत कापली तर कापली, नाहीतर नाताळची घंटा काही ऐकत नाही मी. मी जायचा नाही. तू गेलीस त्या पलंगावर, मी नाही जाणार. भीती वाटते मला. सीलियाला सांगितलेलं नाही, ती काम सोडून पळत येईल. तूच जरा सरकून घे, माझ्यापुरती जागा कर." आणि लगेच "त्रेसष्ट, चौसष्ट, पासष्ट". कुणीतरी जवळ आलं असणार.

अद्रियानो तोरिनोचा, त्याला आपल्या बोलीतलं ओ का ठो कळत नाही. म्हणून ही गोष्ट फक्त मला कळली. मी यंत्र बंद केलं, पुन्हा लावलं, पुन्हा बंद केलं. नऊ वेळा ऐकलं. आता मी काय करू? तुम्ही मला सांगितलेलंच नाही, मग मला माहीत आहे असं कसं म्हणू? आणि नाही म्हटलं तर ऑलिव्ह उतरायला किती दिवस राहिलेत?


रोम, १२ ऑक्टोबर १९५९

प्रिय बाबा,

पत्र पोचलं. चेहरा फार छान आलाय, सगळे म्हणतात. एक आनंदाची बातमी आहे. तुमच्या तोंडी दुसऱ्याचा आवाज घालण्यापेक्षा तुम्हीच येऊन बोलावं असं मी साहेबांना सुचवते आहे. तुम्ही या. माझ्याकडंच उतरा, घरमालकीणबाईंनी मागची खोली द्यायचं कबूल केलंय. दोन-तीन आठवडे राहायच्या तयारीनं या. लवकर या. गरम कपडे आणा. डॉक्टर ब्रुस्कोलींकडं काही कागद असतील तर तेही आणा, इथं परक्या माणसाला कामावर घेताना तब्येतीचे कागद बघतात.

तुमची,
सीलिया


कास्तेलमोरा, १७ ऑक्टोबर

चि. सीलिया हिला आशीर्वाद.

मी न्हावी आहे, पोरी. समोर बसलेला माणूस हवापाण्यावर बोलत असतो आणि त्याच्या घरी काय जळतंय ते मला मानेवरून कळतं. तुझ्या एवढ्याशा पत्रात तीनदा 'या' आहे. घरमालकीण आधीच खोली देऊन बसली आहे. तब्येतीचे कागद म्हणे! मला वेड्यात काढतेस होय?

खरं काय ते सांग. कोण आहे तो? सिनेमातला आहे का? लग्न झालेला आहे का? मी रागावणार नाही. म्हणजे रागावेन, पण तुझ्यावर नाही. तुझी आई असती तर हे तू तिला सांगितलं असतंस आणि तिनं मला चार दिवसांनी, भांडी घासता घासता, सांगितलं असतं. आता ती नाही, तेव्हा मधली पायरी गाळून सरळ मलाच सांग. दिवस गेले असतील तरी सांग. गाव बोलेल, बोलू दे. गाव सध्या मला 'ब्याण्णव' म्हणतंय, तेही मी ऐकून घेतोच आहे.

मी मात्र येऊ शकत नाही. ऑलिव्ह उतरायचे आहेत, दुकान आहे. आणि आवाज रोमच्याच नटाचा असू दे. मी आकडे म्हटलेत, त्यावर त्यांना काय चिकटवायचं ते चिकटवू देत.

दोन दिवसांत उत्तर आलं नाही तर मी टपालवाल्याला धरून बसेन.

बाबा


रोम, २१ ऑक्टोबर

बाबा,

कुणी नाही. मला काही झालेलं नाही. झालंय ते तुम्हाला.

तिसऱ्या वेळी तुम्ही आकडे म्हटले नाहीत. तुम्ही आईशी बोललात, आणि ते सगळं पट्टीवर आलं आहे. मी ऐकलं. गाठीचं ऐकलं, ब्रुस्कोलींचं ऐकलं, जायचं नाही म्हणालात तेही ऐकलं. दहा दिवस मी हे पोटात ठेवून जेवते आहे आणि तुम्ही मला विचारता, कोण आहे तो!

आता ऐका, कारण गोष्ट माझ्या एकटीच्या हातात राहिलेली नाही. काल व्हान्नेत्तीसाहेब न सांगता खोलीत आले. यंत्र चालू होतं. मी बंद करायला हात नेला तर त्यांनी माझं मनगट धरलं. त्यांची आई आपल्याच डोंगरातली होती, त्यांना शब्द न् शब्द कळला. संपल्यावर ते खाली बसले. बराच वेळ टोपी चुरगळत होते. मग म्हणाले, "हे राहू दे. रोमचा नट नको. विनोद नको. हाच आवाज." मी म्हटलं, साहेब, ते माझे वडील आहेत आणि ते खरं बोलताहेत. तर म्हणाले, "म्हणूनच."

मी त्यांना तोंडाला येईल ते सुनावलं. ते वाईट नाहीत, बाबा. ते रडलेसुद्धा. पण सिनेमा दिसला की त्यांना दुसरं काही दिसत नाही. शेवटी कबूल झाले की तुमची परवानगी असेल तरच ठेवतील. त्यांचा माणूस येत्या आठवड्यात कागद घेऊन गावात येईल. मी सांगितल्याशिवाय सही करू नका. उद्या हे आपल्या चौकात पडद्यावर लागेल आणि अख्खं गाव ते ऐकेल.

पण पट्टीचं राहू दे, मला काळजी तुमची आहे. नदीकाठच्या हॉस्पिटलमधल्या सर्जनना मी भेटून आले. ते म्हणाले, ब्रुस्कोलींनी सांगितलं ते बरोबरच आहे, पण उशीर झालेला नाही. सहा नोव्हेंबरपासून पलंग धरून ठेवलाय. सहा नोव्हेंबर, बाबा. त्यानंतर जमेल की नाही ते सांगू शकत नाहीत.

या. मी पाया पडते.

सीलिया


कास्तेलमोरा, २९ ऑक्टोबर

सीलिया,

माझ्या बायकोशी मी बोलत होतो. तुझ्याशी नाही, तुझ्या साहेबाशी नाही. नवराबायको बोलत असताना दाराला कान लावू नये एवढं आम्ही तुला शिकवलं होतं.

कागदवाला आला होता. त्याची दाढी करून परत पाठवला.

मला पुन्हा लिहू नकोस.

बाबा


रोम, ३१ ऑक्टोबर

बाबा,

लिहिणार. रोज लिहीन. टपालवाला तुम्हाला दुकानात आणून देईल आणि सगळ्या गिऱ्हाइकांसमोर तुम्हाला ते उघडावं लागेल.

दाराला कान मी लावला नाही. दार तुम्हीच उघडं टाकलंत, तीस माणसं आणि एक यंत्र यांच्यासमोर. घरात दोन खुर्च्या होत्या, तिथं मला सांगायला तुम्हाला इतके दिवस सुचलं नाही, आणि पुठ्ठ्याच्या दगडासमोर सुचलं! काय म्हणावं तुम्हाला? चिडलेय मी. खूप चिडलेय. तुम्ही आईला जागा करून ठेवायला सांगितलीत, आणि मी? मी कुठं बसू?

आणखी एक. इतकी वर्षं आपण हे बोललो नाही, आज बोलते. आई त्या पलंगावर 'एकटी' गेली असं तुमच्या डोक्यात बसलंय. एकटी नव्हती. मी होते. शेवटच्या सकाळी ती माझ्याशी भांडत होती, खिडकी उघड म्हणून. नर्सबाई नाही म्हणत होत्या, थंडी आहे म्हणत होत्या. आई म्हणाली, "हिला विचार, खिडकीतून भुतं शिरतात का?" मी उघडली. मग ती गेली. भीती वाटल्यासारखी दिसत नव्हती, बाबा. रागावलेली दिसत होती. तुम्ही आला नाहीत म्हणून मी तुमच्यावर सहा वर्षं मनातून रागावले होते. आता नाही. आता मला कळलंय तुम्ही का आला नाहीत. तुम्ही स्वतःच सांगितलंत, पट्टीवर.

पट्टी मी माझ्या कपाटात कुलपात ठेवली आहे. साहेब मला कामावरून काढतील म्हणतात. काढू देत. तुमच्या 'हो'शिवाय ती कुठं जात नाही. पण तुम्ही याच.

सीलिया


कास्तेलमोरा, ३ नोव्हेंबर

चि. सीलिया हिला आशीर्वाद.

काल मृतांचा दिवस होता. सगळं गाव शेवंतीची फुलं घेऊन दफनभूमीत. मीही गेलो. मनात होतं, आर्जियाला विचारू. तर काय सांगू! मी तिच्यापाशी जाऊन टोपी काढली मात्र, मागं माणसं जमायला लागली. आधी बेकरीवाली, मग तिची बहीण, मग तो लंगडा घड्याळजी. हलेनातच. कुणीतरी हळूच म्हणालं, "म्हणा की, ब्याण्णव." त्यांना वाटलं मी सिनेमातलं करून दाखवणार आहे! आपलीच बायको, आपलंच थडगं, आणि मला तिच्याशी दोन शब्द बोलता येईनात. मी फुलं ठेवली, टोपी घातली आणि परत आलो.

घरी येऊन बसलो. विचारायला कुणी राहिलं नाही, तेव्हा स्वतःलाच विचारावं लागलं.

तू लिहिलंस ते वाचलं. खिडकीचं. मला माहीत नव्हतं. आता मीही एक सांगतो, कारण तू अर्धंच ऐकलं आहेस. आई गेली त्या दिवशी मी दुकान उघडून बसलो होतो असं तुला सांगितलं, ते खोटं होतं. मी पहाटेच्या बसनं शहरात आलो होतो. हॉस्पिटलच्या फाटकापर्यंत आलो. आतून औषधांचा वास आला आणि पाय उचलेना. समोरच्या कॉफीच्या दुकानात बसून राहिलो. दुपारच्या बसनं परत आलो आणि दुकान उघडलं. त्यानंतर तार आली. सहा वर्षं हे मी कुणाला सांगितलेलं नाही, आर्जियालाही नाही. तिला मी सगळं सांगतो, पण हे नाही.

भीती अजूनही वाटते. काल रात्रीचं जेवण वर आलं, त्यात रक्त होतं. तेव्हा त्याचीही भीती वाटली. दोन्ही भीती शेजारी ठेवून बघितल्या, तर फाटकाची थोडी लहान निघाली, कारण फाटकापाशी तू उभी असशील.

गुरुवारी पाचच्या बसनं येतोय. ऑलिव्ह शेजारी उतरवेल. वस्तरे बरोबर घेतले आहेत, हॉस्पिटलातल्या कुणालाही माझ्या गालाला हात लावू देणार नाही.

व्हान्नेत्तीसाहेबांना माझा निरोप सांग, शब्दाला शब्द. ते बोलणं माझं आहे आणि मेलेल्या माणसाचं बोलणं चोरता येत नाही, पण जिवंत माणसाचं चोरता येतं. तेव्हा असं करा. मी त्या पलंगावरून उठलो नाही तर ठेवा. गाव ऐकेल तर ऐकू दे, मला काय त्याचं, मी आर्जियाच्या शेजारी असेन. पण उठलो, तर काढा. कारण मग मला याच गावात रोज सकाळी दुकान उघडायचं आहे, आणि खुर्चीत बसलेल्या माणसानं मला 'भीती वाटते मला' म्हणून चिडवलेलं मला चालणार नाही. आकड्यांपर्यंत ठीक आहे.

कबूल असेल तर सही करतो.

तुझा,
बाबा


रोम, २१ नोव्हेंबर

प्रिय बाबा,

नर्सबाई म्हणाल्या, आजही आत सोडणार नाही, पण चिठ्ठी पोचवीन, म्हणून लिहितेय. मी खाली बाकावर बसले आहे. तुमचा वॉर्ड डावीकडचा, तिसरी खिडकी. उघडी दिसतेय. त्यांच्याशी भांडलात वाटतं.

तुम्हाला या अकरा दिवसांतलं काही आठवत नसेल, म्हणून सांगते. ऑपरेशन चार तास चाललं. गाठ पूर्ण निघाली म्हणाले, पण तिसऱ्या दिवशी ताप चढला, आणि त्यानंतर ते मला काहीच सांगेनात. रोज सकाळी नऊला घरमालकीणबाईंच्या दिवाणखान्यात फोन वाजायचा. साहेब. "कसे आहेत?" एवढंच विचारायचे. मी म्हणायची, तसेच. ते म्हणायचे, बरं. आणि फोन धरून बसायचे. ते कोणतं उत्तर ऐकायला फोन करतात ते मला कळत नव्हतं, बाबा. मला वाटतं त्यांनाही कळत नव्हतं. तुमची अट कबूल केल्यामुळं तुमचा भाग थांबवून ठेवला होता, बाकी सगळ्या सिनेमात आवाज भरून झाले होते. निर्माते ओरडत होते. मधे एक दिवस मीच फोन लगेच उचलला नाही. भीतीनं नाही, रागानं. चौथ्यांदा वाजल्यावर उचलला, तर पलीकडून ते म्हणाले, "सीलिया, मी चर्चमध्ये जाऊन आलो. काय मागू तेच सुचलं नाही. मेणबत्ती लावून परत आलो."

आज सकाळी सर्जन स्वतः खाली आले. ताप परवापासून नाही. काल तुम्ही रस्सा पिऊन त्यात मीठ नाही म्हणून तक्रार केलीत. आठ दिवसांत घरी सोडतो म्हणाले, आणि शेजारच्या पलंगावरच्या माणसाची दाढी तुम्ही आडवे पडूनच केलीत म्हणून रागावत होते. मी त्यांच्यासमोर इतकी रडले की त्यांनी मला स्वतःचा रुमाल दिला.

मग मी स्टुडिओत गेले. साहेब माझ्या टेबलापाशीच बसले होते, टोपी घालून. मी म्हटलं, उठले.

त्यांनी टोपी काढली. डोळे पुसले. मग इतक्या जोरात शिवी हासडली की बाहेर अद्रियानोच्या हातातून रीळ पडलं. "वीस वर्षं!" म्हणाले. "वीस वर्षं मी असा एक प्रसंग शोधत होतो, आणि तुझ्या बापानं जिवंत राहून तो घालवला!" आणि मला मिठी मारली. हसत होते की रडत होते कोण जाणे. मग बाजूला झाले आणि म्हणाले, "घे कात्री."

सत्तावीस मीटर पट्टी निघाली, बाबा. मी स्वतः कापली.

तुमची,
सीलिया